हात न लावण्याचे काम

मी एक जुनी ताटी आहे. दाराला आडोसा म्हणून लावतात ती नव्हे, मित्रांनो. मी बांबूच्या कामट्यांची, गोल आणि पसरट आहे, आणि माझ्या काठाला वेताची वेणी घातलेली आहे. माझ्यावर चहाचा ताजा पाला पसरत आणि तो सुकेपर्यंत मी मुकाट पडून राहत असे. एवढेच माझे काम. हे ऐकून तुमच्यातल्या काही जणांना माझा हेवा वाटेल. दिवसभर पडून राहायचे आणि वर त्याला काम म्हणायचे! पण घरातल्या एखाद्या उद्योगी माणसाला अर्धा दिवस स्वस्थ बसायला सांगून पाहा. तो घर डोक्यावर घेईल. मी सांगणार आहे ती गोष्ट अशाच एका माणसाची आहे. खरे तर अशा दोघींची.

माझा जन्म एका बुरुडाच्या अंगणात झाला. बुरूड फार बोलत नसे, पण नाक मुरडण्यात पटाईत होता. ढीगभर बांबूंतून त्याला एक पसंत पडला. तो त्याने भिजवला, उभा चिरला आणि त्याच्या कामट्या काढल्या. प्रत्येक कामटी तो सुरीने तासायचा आणि मग स्वतःच्या गालावरून फिरवून पाहायचा. कुठे कुसळ लागले की पुन्हा तासायचा. त्याची बायको दारातून म्हणायची, "एवढ्या मायेनं कधी पोरांच्या गालावरून हात फिरवला असतात तर!"

"पोरं रडून सांगतात गं," तो म्हणायचा. "चहाची कळी सांगत नाही. नुसती लाल पडते."

त्या वेळी मला याचा अर्थ कळला नाही. कामट्यांमध्ये त्याने बारीक फटी ठेवल्या. वारा खालून वर यावा पण कळी खाली पडू नये, एवढ्याच. त्याने घाई केली असती तर मी एका वर्षात सरपणात गेले असते. त्या माणसाचे उपकार मी विसरलेली नाही.

मग आम्हा बहिणींची चळत एका टेम्पोत चढली आणि डोंगरउतारावरच्या चहाच्या मळ्यात उतरली. मळ्याला लागून एक शेड होती. खाली पाला निवडायची टेबले आणि मंद आचेची भट्टी, वर लाकडी माळा. माळ्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या होत्या, मधे मांडण्या होत्या, आणि वर जायला एक उभी शिडी, तिच्या माथ्याशी माळ्याचे दार. या माळ्यावर आत्याचे राज्य होते.

आत्या म्हणजे मालकाची थोरली बहीण. मालकाला ती भाऊ म्हणे, म्हणून सगळेच त्याला भाऊ म्हणत. भाऊचा मुलगा तिला आत्या म्हणे, म्हणून खुडणाऱ्या बायकांपासून ट्रक ड्रायव्हरपर्यंत साऱ्या जगाची ती आत्या झाली होती. अंगाने किरकोळ, आवाजाने दणदणीत. ती माळ्यावर शिंकली तरी खाली निवडणाऱ्या बायकांचे हात थांबत. पहिल्याच दिवशी तिने मला उचलले, उजेडाकडे धरले, फटींना डोळा लावून पाहिले आणि म्हणाली, "ही चांगली आहे. हिला मधल्या खिडकीपाशी ठेवा." कौतुकाचे शब्द माझ्या वाट्याला तेवढे एकदाच आले, पण ते मला जन्मभर पुरले.

आता तुम्ही म्हणाल, चहा तो काळा, दूध घातले की तपकिरी, मग हा पांढरा चहा कुठून आला? खोकी न्यायला आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनेही एकदा हेच विचारले होते.

"आत्या, पांढऱ्या चहाचं झाड वेगळं असतं का हो?"

"झाड तेच रे," आत्या म्हणाली. "काळा, हिरवा, पांढरा, सगळी एकाच आईची लेकरं. काळ्याला मळतात, लाल होऊ देतात, मग कडक वाळवतात. हिरव्याला खुडल्या खुडल्या आच दाखवतात, म्हणून तो हिरवा राहतो. पांढऱ्याला काही म्हणजे काही करत नाहीत. पसरायचं आणि वाट बघायची. शेवटी थोडी ऊब दिली की झालं."

"मग पांढरा कशावरून?"

आत्याने एक सुकी कळी त्याच्या तळहातावर ठेवली. कळीवर बारीक रुपेरी लव होती, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या कानावर असते तशी. "ही लव दिसली? हिच्यासाठी सगळा खटाटोप. ही झडली की नाव गेलं."

या चहाचे मूळ दूरच्या एका डोंगराळ मुलखात आहे. तिथल्या काही झुडपांना वसंतात लठ्ठ, लवदार कळ्या येतात. त्या खुडून नुसत्या वाऱ्यावर सुकवायची रीत तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आत्याच्या आजोबांनी त्याच जातीची रोपे आणून या उतारावर लावली होती. हा चहा पहिल्यांदा कोणी केला, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ते म्हणत, "कोणीतरी आळशी असणार. पाला पसरला असेल आणि झोपला असेल." आत्याला हा विनोद मुळीच आवडत नसे. मला मात्र त्या अनोळखी आळशी माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

आमच्या मळ्यात पांढऱ्या चहाचे तीन प्रकार निघत. व्यापारात त्यांना मोठी भारदस्त नावे आहेत, पण खुडणाऱ्या बायका त्यांना धाकटी, मधली आणि थोरली म्हणत. वसंताच्या सुरुवातीला पान उलगडायच्या आत नुसती कळी खुडली की ती धाकटी. तिची चव इतकी हलकी की बेसावध माणसाला ती सापडतही नाही. थोड्या दिवसांनी कळीबरोबर दोन कोवळी पाने खुडली की ती मधली. तिला फुलांचा वास येतो आणि तोंड भरेल एवढा जोर तिच्यात असतो. सगळ्यांत शेवटी मोठी, रुंद पाने खुडतात, ती थोरली. तिचा रंग गडद, स्वभाव रोखठोक. थोरली डब्यात काही वर्षे नीट जपून ठेवली तर आणखी गडद होते आणि तिला सुक्या खजुरासारखा गोडवा येतो. मधली माझी लाडकी, हे मी कबूल करते. माझ्या फटींना तीच बरोबर बसत असे.

आणि हा चहा प्यायचा कसा, तेही ऐका. पाणी उकळले की लगेच ओतायचे नाही, त्याची तापलेली मस्ती जरा उतरू द्यायची. झाकणाच्या पेल्यात पाला टाकायचा, पाणी ओतायचे, झाकायचे आणि थांबायचे. दूध नाही, साखर नाही. त्या ट्रक ड्रायव्हरने पहिला घोट घेतला आणि तोंड वेडेवाकडे केले.

"आत्या, हे तर चूळ भरायचं पाणी झालं!"

"गिळ आणि जरा गप्प बस."

तो गप्प बसला. जरा वेळाने त्याने स्वतःच्या गळ्याला हात लावला, कारण घशातून काहीतरी गोड परत वर येत होते. त्याने पेला मुकाट्याने पुढे केला. नंतर तो वाट वाकडी करून आमच्याकडे यायचा आणि गाडी थोडी गरम झालीय असे कारण सांगायचा.

अशी माझी कितीतरी वर्षे गेली. वसंत आला की माझ्यावर कळ्या पसरत, एकीला दुसरीचा धक्का लागणार नाही अशा विरळ. दोन-तीन दिवस त्या माझ्यावर निजत. हळूहळू त्यांचे अंग हलके होई, हिरव्याचा राखाडी रंग होई, कडा आत वळत. आत्या मांडण्यांमधून फिरे, वास घेई, वाऱ्याप्रमाणे खिडक्या उघडी किंवा लोटी, पण पाल्याला बोट लावत नसे. हंगाम संपला की ती मला कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवत असे. साबण कधी लावला नाही, कारण साबणाचा वास पुढच्या वर्षीच्या कळ्यांना लागला असता. माझी एक एक कामटी ती बोटाने चाचपून पाही. एवढी काळजी किती वस्तूंच्या नशिबी येते?

पण माणसांचे सांधे वेताचे नसतात. आत्याचे गुडघे दुखू लागले. आधी ती शिडीवर दम घ्यायला थांबे, मग शिडीला शिव्या देई, मग शिडीखाली खुर्ची टाकून बसू लागली. एका वसंताच्या तोंडावर भाऊ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ताई, स्पष्टच बोलतो. तुझ्याच्यानं आता वर चढवत नाही, आणि तुझ्याशिवाय माळ्यावर कोणाला काही कळत नाही. मी पाला मळायचं यंत्र आणतो. सगळा काळा चहा करू. त्याला बघत बसायला माणूस लागत नाही."

"आणि माळा?"

"माळ्यावर खोकी ठेवू."

आत्याने मान वर करून माळ्याकडे पाहिले. मित्रांनो, यंत्रावर माझा राग नाही. पण आत्याच्या आयुष्याची सगळी कमाई त्या माळ्यावर होती. तिला मूलबाळ नव्हते. तिने मागे ठेवण्यासारखे काही केले असेल तर ते तेवढेच.

"एक हंगाम दे," ती शेवटी म्हणाली. "मी कोणालातरी शिकवते."

ते कोणीतरी म्हणजे भाऊची नवी सून. ती घरात येऊन थोडेच दिवस झाले होते. मुलगी गुणाची होती, पण तिच्या हातांना क्षणाची उसंत नव्हती. बोलता बोलता ती समोरच्याच्या शर्टाचे सुटलेले बटण लावून टाकी. कोणाच्या दारात उभी राहिली तर चपला ओळीने लावून ठेवी. आत्याने तिचे नाव चुळबुळी ठेवले आणि कपाळाला हात लावला. "सगळ्या घरात हीच मिळाली होती का मला? हिला हात बांधून ठेवायला शिकवू?"

तरी तिने शिकवायला सुरुवात केली. धाकटीची खुडणी झाली, कळ्या आमच्यावर पसरल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आत्याला गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जायचे होते. निघताना तिने सूनबाईला एवढेच सांगितले, "लक्ष ठेव. मी दुपारपर्यंत येते."

सूनबाईने मन लावून लक्ष ठेवले. खिडकीतून ऊन आत आले आणि तिला कळ्यांवर पांढरे पांढरे काहीतरी चमकताना दिसले. तिला वाटले, रात्रीच्या वाऱ्याने धूळ बसली. माहेरी धान्य पाखडण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिने मला दोन्ही हातांनी उचलले, कमरेशी धरले आणि सुपासारखे पाखडायला सुरुवात केली. मला तोंड असते तर मी किंचाळले असते. कळ्या उडत होत्या, आपटत होत्या, आणि त्यांची रुपेरी लव उन्हात तरंगत खिडकीबाहेर चालली होती. "बाई बाई, किती ही धूळ!" असे म्हणत सूनबाईने माझ्यामागून सगळी मांडणी पाखडून काढली. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहऱ्यावर समाधान होते. आत्याला आनंद होईल, असेच बिचारीला वाटत होते.

दुपारी आत्या शिडीचा एक एक दांडा धरत वर आली. खिडकीच्या फळीवर तिला पांढरा भुगा दिसला. तिने तो चिमटीत धरला, मग माझ्याकडे पाहिले आणि जागच्या जागी खाली बसली. ती ओरडली नाही, तेव्हाच प्रकरण किती मोठे आहे हे सगळ्यांना कळले. संध्याकाळपर्यंत कळ्या कडेकडेने लाल पडल्या. बुरुडाचे बोलणे मला आठवले.

"मला वाटलं, धूळ बसलीय," सूनबाई रडत म्हणाली.

"तुला कोणी सांगितलंच नव्हतं," आत्या म्हणाली. "मी इतकी वर्षं हे बघतेय की सगळ्यांना ठाऊकच असतं असं मला वाटतं. रडू नकोस. रडून लव परत चिकटत नाही."

भाऊ मात्र चिडला होता. "ताई, हेच मी म्हणत होतो. मी उद्याच यंत्राच्या दलालाला फोन करतो."

"तू कबूल केलास एक हंगाम. हंगाम अजून संपलेला नाही. मधलीची खुडणी राहिलीय."

"ती तरी नीट उतरेल कशावरून?"

"नाही उतरली तर मी स्वतः तुला फोन लावून देईन," आत्या म्हणाली.

लाल पडलेल्या कळ्या कशाबशा सुकल्या. भाऊ त्या खतात टाकायला निघाला होता, पण आत्याने त्याला अडवले. "विकायच्या नाहीत आणि टाकायच्याही नाहीत. संपेपर्यंत घरात हाच चहा प्यायचा. भाऊ, तू पण." मग रोज सकाळी घरातली सगळी माणसे तो चहा औषध घेतल्यासारखी पिऊ लागली. सूनबाईपुढे आत्या दोन पेले ठेवी. एकात बिघडलेला चहा, दुसऱ्यात गेल्या वर्षीचा चांगला.

"सांग, काय फरक?"

"दोन्ही गरम आहेत," सूनबाई पहिल्या दिवशी म्हणाली. भाऊला ठसका लागला.

पण ती हट्टी होती. रोज डोळे मिटून बसायची, घोट घ्यायची, कपाळाला आठ्या घालायची. एका सकाळी तिने दुसरा पेला खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "आत्या, हा गिळल्यावर परत येतो. तो गिळला की गेलाच." आत्याने तिच्याकडे निरखून पाहिले आणि दुसऱ्याच कुठल्यातरी कामाचे बोलायला लागली. खुर्चीच्या हातावर तिची बोटे मात्र आनंदाने ताल धरत होती.

चव कळली, पण हातांचे काय करायचे? मधलीची खुडणी जवळ आली तशी सूनबाईला झोप लागेना. मग तिने स्वतःच तोड काढली. खुडणीच्या दिवशी ती लोकरीचा गुंडा आणि विणायच्या सुया घेऊन शिडी चढू लागली.

"हे काय?" आत्या खालून गरजली.

"हात गुंतवून ठेवते, आत्या. मोकळे राहिले तर माझं मलाच भ्या वाटतं."

"आणि लोकरीचे धागे चहात पडले म्हणजे?"

"दाराशी बसते. वाऱ्याच्या खालच्या अंगाला. सगळ्या ताट्या दिसतात तिथून."

आत्याने तिला हातानेच वर जायची खूण केली. सूनबाई दाराशी बसून विणू लागली आणि डोळे आमच्यावर ठेवू लागली. मला तिचे फार कौतुक वाटले. स्वभाव बदलायच्या गप्पा सगळेच मारतात. तिने स्वभाव आहे तसा ठेवला आणि त्याला दुसरीकडे कामाला लावला. त्या हंगामात घरातल्या प्रत्येकाला मफलर मिळाला. भाऊचा तर इतका लांब झाला की तो दोनदा गळ्याभोवती घेऊनही चालताना पायात यायचा.

दोन दिवस सारे नीट चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी दरीतून धुके वर आले. पांढऱ्या चहाला धुक्याइतके वाईट काही नाही. दमट हवा लागली की पाला सुकायचा थांबतो आणि काळा पडू लागतो. आत्या शिडीखाली खुर्चीवर बसली होती. शेडच्या दारातून गार ओलसर हवा तिच्या अंगावर येत होती आणि तिचा धीर सुटत चालला होता.

"सूनबाई, उतरव सगळं! भट्टीत घाल!"

वर सूनबाई उठली. तिने सुया खाली ठेवल्या, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवले आणि मांडण्यांमधून फिरली. धुके दाराच्या बाजूने येत होते, म्हणून त्या अंगाच्या खिडक्या तिने लावून घेतल्या. मागच्या खिडक्यांतून अजून कोरडा वारा येत होता. त्या तिने सताड उघडल्या. मग ती माझ्यापाशी आली आणि वाकली. पाने राखाडी झाली होती, कडा वळल्या होत्या, पण देठ अजून हिरवे आणि ताठ होते. आत्ता आच लागली असती तर चहाला कच्च्या गवताचा वास आला असता. मला हे ठाऊक होते. तिलाही दिसले का, या विचाराने माझ्या कामट्या ताणल्या गेल्या.

"नाही आत्या," ती म्हणाली. "अजून नाही."

त्या माळ्याच्या इतिहासात आत्याला नाही म्हणणारे कोणी झाले नव्हते. भाऊ भट्टीपाशी उभा होता. तो एकदा वर पाहत होता आणि एकदा बहिणीकडे.

"काय म्हणालीस?"

"देठ ओले आहेत. इथे मागून वारा कोरडा आहे. थोडा वेळ लागेल."

"मी येते वर!"

"ताई, गुडघे!" भाऊ ओरडला. पण आत्याने शिडी धरली होती. एक दांडा, मग दम, मग पुढचा दांडा. तिच्या तोंडून निघणारे शब्द मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही लहान आहात. ती वर पोहोचली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. तरातरा माझ्यापाशी आली, वाकली आणि देठ दाबून पाहायला तिने बोट पुढे केले. घाबरलेले माणूस कसे सगळे विसरते पाहा!

"आत्या," सूनबाई म्हणाली. ती बाजूला झाली नाही. "हात मागे घ्या."

आत्याचे बोट हवेत तसेच राहिले. तिने सूनबाईकडे पाहिले. मग हात मागे घेऊन ती नुसत्या डोळ्यांनी पाहू लागली. देठ पाहिले. लावलेल्या खिडक्या पाहिल्या, उघड्या खिडक्या पाहिल्या, मागून येणारा वारा गालावर घेतला. आणि मग ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अरे भाऊ!" तिने खाली हाक दिली. "ही मला हात मागे घ्यायला सांगतेय! मला!"

"मग?" खालून घाबरा आवाज आला.

"मग काय? बरोबर सांगतेय!"

सरळ होताना मात्र तिचा गुडघा दगा देऊन गेला. तोल जाऊ नये म्हणून तिने हाताला लागेल ते धरले, आणि हाताला लागला माझा काठ. तिचा सगळा भार माझ्यावर आला. वेताची वेणी कडकन तुटली आणि माझ्या तीन-चार कामट्या मधोमध उकलल्या. ती पडली नाही, याचा मला आजही आनंद आहे. सूनबाईने माझ्यावरचा पाला दुसऱ्या ताटीवर उतरवला, हात न लावता, नुसती मला हळूच कलती करून. मग भाऊने आणि तिने मिळून आत्याला शिडीवरून खाली आणले आणि तिच्यामागून मला आणले. त्या दिवशी आम्ही दोघी बरोबरच कामावरून उतरलो.

दुपार कलल्यावर देठ सुकले, आणि मग सूनबाईने पाला भट्टीला दिला. दुसऱ्या दिवशी भाऊने पहिला पेला घेतला. गळ्याभोवतीचा मफलर सैल करून त्याने घशाला हात लावला, आणि मग उठून दलालाला फोन केला. "यंत्र नको," एवढेच म्हणाला आणि दुसरा पेला भरून घेतला.

मला मात्र तो भट्टीत घालायला निघाला होता. वाईट मनाने नव्हे, तुटक्या बांबूचे दुसरे काय करणार? आत्या म्हणाली, "मग मलाही घाल. माझा गुडघा काही तिच्या काठाहून धड नाही." तेव्हापासून मी शेडमधल्याच, माळ्याखालच्या तिच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर असते. माझ्यावर तिचा चष्मा असतो, गोळ्यांची पाकिटे असतात, कधी अर्धवट सोललेले संत्रे असते. मला कमीपणा वाटत नाही. माझ्या बहिणींपैकी कितीतरी जणी केव्हाच धूर होऊन गेल्या. मला बुरुडाचा गाल मिळाला, कळ्यांची झोप मिळाली, आणि आता म्हातारपणी आत्याचा शेजार मिळाला आहे. मी कोणाकोणाचे आभार मानू?

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे काही जुने पडलेले असेल. त्याला फेकण्याआधी एकदा उजेडाकडे धरून पाहा. कोरड्या फडक्याने पुसा आणि त्याने कोणाचा भार पेलला होता हे घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि कोणी तुमच्यासमोर नवीन काही शिकत असेल, तर त्याच्या हातातून ते काम ओढून घेऊ नका. जवळ बसा. तेवढे केलेत तरी माझे आयुष्य सांगितल्याचे सार्थक होईल.

आज धाकटीची खुडणी झाली आहे. आमच्या खोलीचे छत म्हणजेच माळ्याची जमीन. वर सूनबाईची पावले वाजतात, एक खिडकी उघडते, एक लागते, मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. आत्या पलंगावर उठून बसली आहे. तिची मान वर आहे आणि हात माझ्या तुटक्या काठावर आहे. ती हाक मारायला तोंड उघडते. मग मिटते. पुन्हा उघडते, पुन्हा मिटते. ते तिला किती जड जात आहे, हे तिच्या बोटांवरून फक्त मला कळते.